सिस्टर, मावशी आणि मामा

मोठ्या दवाखान्यात माणूस दाखल झाला, की घरची मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर कोण आहेत?" प्रश्न बरोबरच आहे. रोग ओळखणे, औषध ठरवणे, शस्त्रक्रिया करणे ही डॉक्टरांची कामे. परंतु डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा फेरी मारतात. एकेका खाटेजवळ पाच-दहा मिनिटे थांबतात. बाकीचे सारे तास रोगी कोणाच्या हाती असतो?

तो असतो सिस्टरांच्या, मावशींच्या आणि मामांच्या हाती.

सिस्टर म्हणजे परिचारिका. हे काम पुरुष करीत असला तर त्याला ब्रदर म्हणतात. मावशी म्हणजे वॉर्डातली आया. मामा म्हणजे वॉर्डबॉय. शिवाय सफाई कामगार असतात, स्ट्रेचर ओढणारे असतात, कपडे धुणारे असतात, स्वयंपाकघरातली माणसे असतात. ह्या सगळ्यांना मिळून आपण ह्या धड्यात 'मदतनीस' म्हणू.

सिस्टर आणि मदतनीस शेजारी शेजारी काम करतात. त्यामुळे एकीचे काम कसे चालले आहे, हे दुसरीला जेवढे दिसते तेवढे वरच्या साहेबांना कधीच दिसत नाही. जे दिसले ते योग्य रीतीने, तोंडावर आणि दोन्ही बाजूंनी सांगितले, तर रोग्याचे भले होते. मनात दाबून ठेवले, तर रोग्याचे नुकसान होते. कधी कधी ते नुकसान भरून येत नाही. हे कसे, ते आता पाहू या.

एक कप चहा

समजा, सात नंबरच्या खाटेवर एक आजी आहेत. उद्या सकाळी त्यांचे ऑपरेशन आहे. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामे ठेवावे लागते. असे का? ऑपरेशनसाठी भूल देतात. भूल दिली की माणसाचा घसा सैल पडतो. अशा वेळी पोटात अन्न असेल, तर ते वर येऊन श्वासनळीत शिरण्याचा धोका असतो. दुधाचा चहासुद्धा अन्नासारखाच धरतात.

डॉक्टरांनी हे सिस्टरांना सांगितले. सिस्टरांनी कागदावर लिहिले. पण सकाळी चहा कोण वाटते? मावशी वाटतात. मावशींना कोणी काहीच सांगितले नाही. आजी म्हणाल्या, "घसा कोरडा पडलाय गं बाई." मावशींनी मायेने कपभर चहा दिला. आता काय होईल? नशीब चांगले असेल, तर ऑपरेशन पुढे ढकलले जाईल. चहाची गोष्ट कोणालाच कळली नाही, तर आजींच्या जिवावर बेतेल.

ह्यात चूक कोणाची? मावशींनी वाईट काही केले नाही. सिस्टरही कामचुकार नाहीत. एकाची माहिती दुसऱ्यापर्यंत पोचली नाही, एवढेच झाले. पण तेवढ्याने जीव जाऊ शकतो.

आता दुसरी तऱ्हा पाहा. रात्री सिस्टर म्हणतात, "मावशी, सात नंबरच्या आजींचं उद्या ऑपरेशन आहे. सकाळी त्यांना काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

मावशी म्हणतात, "बरं सिस्टर. सात नंबर, सकाळी काही नाही, पाणीसुद्धा नाही. त्यांची सून घरून चहा आणते. तिलाही सांगून ठेवते."

मावशींनी इथे दोन कामे केली. ऐकलेले शब्द परत म्हणून दाखवले, म्हणजे बरोबर ऐकले की नाही ते तिथल्या तिथे कळले. आणि सिस्टरांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. सून चहा आणते, हे मावशींनाच माहीत होते. दोघींची माहिती एकत्र आली, तेव्हा आजी सुरक्षित झाल्या.

मावशींचे डोळे

आजारी माणूस बरेच दिवस एकाच कुशीवर पडून राहिला, तर त्याला अंथरुणाच्या जखमा होतात. टाच, माकडहाड, कमरेच्या बाजूचे हाड, अशा ठिकाणी हाड आणि अंथरूण ह्यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. रक्त खेळत नाही. आधी तिथे लाली दिसते. बोटाने दाबले तरी ती लाली जात नाही. सावळ्या अंगावर लाली कळत नाही. तिथे कातडी जास्त काळसर दिसते, हाताला गरम किंवा घट्ट लागते. एवढ्यावरच लक्ष दिले, तर जखम टळू शकते. दुर्लक्ष केले, तर कातडी फाटते, मांस सडते, आणि महिनोन्‌महिने ती जखम भरत नाही. म्हणून ज्याला स्वतः हलता येत नाही, त्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, असा परिपाठ आहे.

ही पहिली लाली कोणाला दिसते? बहुतेक वेळा मावशींना दिसते. चादर बदलताना, अंग पुसताना, भांडे देताना रोग्याची पाठ त्याच पाहतात. लघवीची पिशवी सकाळपासून रिकामीच आहे, आजोबांनी ताट तसेच परत केले, काल बोलणारी बाई आज गप्प गप्प आहे, हेही त्यांच्याच ध्यानात येते. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा खाली आला आहे, खाटेचा कठडा ढिला झाला आहे, हे मामांना दिसते.

पण दिसणे वेगळे आणि सांगणे वेगळे. मावशींनी एकदा सांगितले आणि सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम करा, मला शिकवू नका," तर पुढच्या वेळी मावशी सांगतील का? नाही सांगणार. डोळे दिसतील तेवढे पाहतील, पण तोंड बंद राहील. नुकसान मावशींचे होणार नाही. खाटेवरच्या माणसाचे होईल.

सुई कोणाला टोचते?

आता उलट बाजू पाहू. सिस्टरांच्या हातून राहिलेली गोष्ट मदतनिसांच्या जिवावर कशी येते, ते पाहा.

दवाखान्यातला कचरा घरच्या कचऱ्यासारखा नसतो. त्यासाठी सरकारने २०१६ साली नवे नियम केले. कोणता कचरा कोणत्या रंगात टाकायचा, हे त्यांत ठरवून दिले आहे. रक्त आणि पू लागलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, रबरी मोजे, सुई काढलेल्या पिचकाऱ्या तांबड्या पिशवीत. सुया आणि पाती पांढऱ्या डब्यात. हा डबा टोचून आरपार जाणार नाही असा जाड असावा लागतो. काचेच्या बाटल्या आणि कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात.

समजा, वॉर्डात गर्दी आहे. एका सिस्टरकडे चाळीस खाटा आहेत. घाईघाईत वापरलेली सुई पिवळ्या पिशवीत गेली. सिस्टरांना ते कळलेही नाही. तासाभराने सफाई कामगाराने पिशवी उचलली. सुई त्याच्या मांडीत घुसली.

ही साधी टोच नव्हे. आधीच्या रोग्याला हिपॅटायटिस-बी नावाची कावीळ असेल आणि कामगाराने तिची लस घेतलेली नसेल, तर अशा शंभर माणसांपैकी ६ ते ३० जणांना ती कावीळ होऊ शकते. एच. आय. व्ही.चा धोका कमी आहे. हजार टोचण्यांत सुमारे ३. पण ज्याला टोचते त्याच्या घरची झोप उडते.

सुई टोचली तर काय करावे? जागा पिळू नये, तोंडाने चोखू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. लगेच सिस्टरांना आणि डॉक्टरांना सांगावे. एच. आय. व्ही. टाळण्याची औषधे शक्य तर दोन तासांत, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. त्यानंतर त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून 'बोलणी खावी लागतील' ह्या भीतीने लपवू नये. त्याच नियमांप्रमाणे, असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक माणसाला हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वात ह्यांच्या लसी मिळाल्या पाहिजेत. वर्षातून निदान एकदा शिक्षणही मिळाले पाहिजे. कंत्राटावरचा कामगार असला तरी हा त्याचा हक्क आहे.

सुई चुकीच्या पिशवीत जाते आहे, हे सफाई कामगाराला रोज दिसते. मोठ्या डॉक्टरांना दिसत नाही. मग सिस्टरांच्या ह्या कामाची पारख करायला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा कोण?

जुनी गोष्ट, दूरच्या देशातली

परिचारिकेचे काम आणि सफाईचे काम ही दोन कामे एकमेकांपासून तोडता येत नाहीत. हे जगाला कळले त्याला आता दीडशेहून जास्त वर्षे झाली.

१८५४ साली तुर्कस्तानच्या बाजूने लढणारे इंग्रज सैनिक जखमी होऊन स्कुटारी ह्या गावी येत. हे गाव आजच्या इस्तंबूल शहरात आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई ३८ स्त्रियांना घेऊन इंग्लंडहून तिथल्या लष्करी इस्पितळात गेल्या. त्यांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी रात्रंदिवस सेवा केली. स्वयंपाकघर सुधारले, धुलाईची व्यवस्था लावली. तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या शंभरांपैकी सुमारे ४२ सैनिक दगावत होते. इतकी सेवा करूनही असे का?

इस्पितळाच्या खाली गटारे तुंबली होती. पिण्याच्या पाण्यात घाण मिसळत होती. मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्याची एक समिती आली. तिने गटारे उपसून घेतली, पाणी शुद्ध केले, हवा खेळती केली. जून महिन्यापर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरी सुमारे २ वर उतरले.

नाइटिंगेलबाईंचे नाव सगळ्या जगाला माहीत आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, हा परिचारिका दिन म्हणून पाळतात. ज्यांनी ती गटारे उपसली, त्या कामगारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण सैनिक वाचले ते दोघांच्या कामामुळे. नाइटिंगेलबाई हा धडा जन्मभर विसरल्या नाहीत. पुढे त्यांनी जे लिहिले, त्यात औषधापेक्षा हवा, पाणी, उजेड आणि स्वच्छता ह्यांवरच भर दिला.

आधी नाव सांगा

आता अलीकडची गोष्ट. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक यादी तयार केली. तीत १९ बाबी आहेत. रोगी तोच आहे ना? ऑपरेशन कोणत्या बाजूचे? औषधाची ॲलर्जी आहे का? शेवटी सुया, हत्यारे आणि कापडाच्या घड्या मोजल्या का? असे साधे प्रश्न मोठ्याने विचारावयाचे आणि उत्तर मोठ्याने द्यावयाचे.

त्या यादीतली एक बाब अशी आहे : चिरा देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगावे. कोणाला हे हसू येण्यासारखे वाटेल. पण त्यात शहाणपण आहे. ज्याने एकदा सर्वांसमोर तोंड उघडले, त्याला पुढे काही चुकताना दिसले तर बोलायला धीर येतो.

जगातल्या आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ही यादी वापरून पाहिली. त्यांत आपली दिल्लीही होती. २००९ साली निकाल छापून आला. यादी वापरण्यापूर्वी शंभर रोग्यांपैकी ११ जणांना ऑपरेशननंतर काही ना काही त्रास उद्भवत असे. नंतर तो आकडा ७ वर आला. मृत्यूचे प्रमाण हजारी १५ होते, ते ८ झाले. नवे यंत्र आणले नव्हते, नवे औषध आणले नव्हते. कागदावरची यादी आणि एकमेकांना विचारण्याची सवय, एवढेच नवीन होते.

सोबत्याने सोबत्याची पारख

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. 'मूल्यमापन' असा एक शब्द आहे. मूल्यमापन म्हणजे कामाची पारख. नोकरीत पारख बहुधा वरून होते. साहेब वर्षातून एकदा कागद भरतात. त्याला गोपनीय अहवाल म्हणतात. पूर्वी चांगला शेरा कोणता आणि वाईट कोणता, हे कर्मचाऱ्याला पुष्कळदा कळतच नसे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला, की शेरा कोणताही असो, तो सरकारी कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. ज्याची पारख झाली त्याला ती कळली नाही, तर तो सुधारणार कसा? न्यायालयाचे म्हणणे साधे आणि न्यायाचे आहे.

वरून होणाऱ्या पारखेशिवाय दुसरी एक पारख असते. सोबत्याने सोबत्याच्या कामाची पारख करावयाची. शाळेत मुले पाट्यांची अदलाबदल करून एकमेकांची गणिते तपासतात, तशी ही रीत आहे. त्यात दुसऱ्याची चूक दिसते, आणि ती शोधता शोधता आपलीही चूक कळते.

सरकारी दवाखान्यांत ही रीत एका मोठ्या योजनेत आहे. २०१५ साली केंद्र सरकारने 'कायाकल्प' नावाची स्वच्छतेची योजना सुरू केली. तीत आधी दवाखान्याने स्वतःची तपासणी करावयाची. मग दुसऱ्या दवाखान्यातली, त्याच कामातली माणसे येऊन तपासतात. त्यानंतर बाहेरचे तपासनीस येतात. जो दवाखाना उत्तम ठरतो त्याला बक्षीस मिळते, आणि त्या रकमेचा चौथा हिस्सा तिथे काम करणाऱ्या सर्वांसाठी ठेवलेला असतो. बक्षीस एकट्या डॉक्टरांचे नाही, एकट्या सिस्टरांचेही नाही. ते झाडू मारणाऱ्याचेही आहे. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

एका दवाखान्याने दुसऱ्या दवाखान्याची पारख करावी, हे ठीकच. पण एकाच वॉर्डातल्या माणसांनी रोजच्या रोज एकमेकांची पारख करावी, हे त्याहून उपयोगी आहे. त्याला पैसा लागत नाही. पद्धत मात्र लागते.

पारख कशी करावी?

पहिली गोष्ट. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेवढेच सांगावे. 'ती आळशी आहे,' असे म्हणू नये. 'काल दुपारी तीन नंबरची कूस चार तास बदलली नव्हती,' असे म्हणावे. पहिल्या वाक्याने माणूस दुखावतो. दुसऱ्या वाक्याने काम सुधारते.

दुसरी गोष्ट. आधी त्या माणसाला सांगावे, मग दुसऱ्याला. रोग्यासमोर किंवा नातेवाइकांसमोर सांगू नये. बाजूला घेऊन सांगावे. मात्र रोग्याचा जीव धोक्यात असेल, तर तिथल्या तिथे मोठ्याने बोलावे. त्या वेळी कोणाला काय वाटेल हे पाहू नये.

तिसरी गोष्ट. चांगलेही सांगावे. सिस्टर म्हणतात, "मामा, एक्स-रेला नेताना तुम्ही बाबांना नीट चादर पांघरलीत, ते फार बरं केलंत. फक्त परत आणल्यावर मला हाक मारत जा. सलाईन बंद पडलं होतं, ते मला अर्ध्या तासाने कळलं." मामांना राग येईल का? येणार नाही. उद्या ते हाक मारतील.

चौथी गोष्ट. पारख दोन्ही बाजूंनी असावी. सिस्टरांनी मावशींना सांगावे, तसेच मावशींनीही सिस्टरांना सांगावे. मावशी म्हणतात, "सिस्टर, एक सांगू का? रागावू नका. काल रात्री ट्रेमध्ये दोन सुया तशाच राहिल्या होत्या. धुताना माझ्या हाताशी आल्या." सिस्टर म्हणतात, "बरं झालं सांगितलंत, मावशी. आजपासून पांढरा डबा ट्रेबरोबरच घेऊन फिरते." ज्या वॉर्डात असे बोलणे होते, तो वॉर्ड चांगला समजावा.

पाचवी गोष्ट. तीन महिन्यांतून एकदा सर्वांनी एकत्र बसावे. पाच साधे प्रश्न घ्यावेत. ही व्यक्ती रोग्याला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर हात धुते का? हाक मारल्यावर येते का? पाळी संपताना सगळे नीट सांगून जाते का? मदत मागितली तर करते का? रोग्याशी आणि सोबत्यांशी आदराने बोलते का? उत्तर 'नेहमी', 'कधी कधी' किंवा 'क्वचित' एवढेच द्यावे. प्रत्येकाने दुसऱ्यांबद्दल द्यावे आणि स्वतःबद्दलही द्यावे. मग दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. आपण म्हणतो 'नेहमी' आणि चार सोबती म्हणतात 'क्वचित', तर विचार करावा.

अडचणी कोणत्या?

हे सगळे वाचायला सोपे आहे. करायला सोपे नाही. अडचणी झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पहिली अडचण उच्चनीचतेची. सफाईचे काम करणाऱ्यांपैकी पुष्कळजण पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले आहेत. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता बंद केली. पण मनातली सगळी गेली, असे म्हणता येत नाही. कित्येक ठिकाणी मावशींना 'ए मावशी' अशी हाक मारतात. चहाचा कप वेगळा ठेवतात. ज्याला आपण अरेतुरे करतो, तो आपली चूक सांगायला धजेल का? म्हणून पारखेची सुरुवात कागदापासून नव्हे, हाकेपासून करावी. मावशी म्हणावयाचे, तर मावशीचा मान द्यावा.

दुसरी अडचण पोटाची. पुष्कळ मदतनीस कंत्राटावर असतात. 'आपण बोललो आणि उद्या कामावरून काढले तर?' ही भीती खोटी नाही. म्हणून सोबत्यांच्या पारखेचा कागद पगार कापायला किंवा नोकरी घालवायला कधीही वापरू नये. तो शिकण्यासाठी आहे. एकदा जरी त्याचा तसा वापर झाला, तर पुढे कोणी खरे बोलणार नाही.

तिसरी अडचण मैत्रीची आणि वैराची. 'तू मला चांगले लिही, मी तुला चांगले लिहिते,' असे झाले तर पारख फुकट गेली. जुन्या भांडणाचा सूड कागदावर काढला, तरीही फुकट गेली. म्हणून एकाच माणसाचे मत घेऊ नये. निदान चार-पाच जणांचे घ्यावे, आणि डोळ्यांनी पाहिलेले उदाहरण विचारावे.

चौथी अडचण अपुऱ्या माणसांची. एका सिस्टरकडे चाळीस खाटा असतील, तर तिला दोष देण्याआधी मोजणी करावी. काही चुका माणसाच्या असतात, काही व्यवस्थेच्या. पारखेत दहा जणांनी एकच तक्रार लिहिली, तर ती वरच्या अधिकाऱ्यांपुढे सर्वांनी मिळून मांडावी. एकटीचे कोणी ऐकत नाही. गाव करी ते राव काय करी!

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. माणसे कमी पडली, की कधी कधी मावशींना किंवा मामांना म्हणतात, "एवढं इंजेक्शन देऊन टाका." हे बरोबर नाही. इंजेक्शन आणि औषध देणे हे शिकलेल्या, नोंदणी झालेल्या परिचारिकेचे काम आहे. अशा वेळी मदतनिसाने नम्रपणे म्हणावे, "हे मला शिकवलेलं नाही. मी सिस्टरांना बोलावून आणते." हा कामचुकारपणा नव्हे. उलट रोग्याची ती खरी राखण आहे.

लिहिता येण्याचा उपयोग

आता आपल्या वर्गातल्या मंडळींसाठी. आपल्यापैकी कोणी दवाखान्यात आया असतील, कोणी वॉर्डबॉय असतील, कोणी सफाईच्या कामावर असतील. कोणाची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत असेल. आपण अक्षरे शिकतो ती कशासाठी? पत्र वाचता यावे, हिशेब कळावा, हे तर आहेच. पण कामावरही अक्षरांचे फार मोल आहे.

खाटेच्या पायथ्याशी कागद असतो. कूस किती वाजता बदलली, हे त्यावर लिहिता आले, तर पुढच्या पाळीच्या मावशींना विचारत बसावे लागत नाही. पाळी बदलताना सिस्टर एकमेकींना सगळी हकिगत सांगतात. बोलीत त्याला 'ओव्हर देणे' म्हणतात. मावशींनीही तसाच ओव्हर द्यावा. 'तीन नंबर, उजवी टाच काळसर, सकाळी दहा वाजता पाहिली, सिस्टरांना सांगितले,' एवढे चार शब्द वहीत लिहावेत आणि खाली सही करावी. तोंडचे बोलणे हवेत विरते. लिहिलेले राहते. आणि लिहिणाऱ्याच्या शब्दाला वजन येते.

जे दवाखान्यात काम करीत नाहीत, त्यांनाही करण्यासारखे काही आहे. आपण रोगी म्हणून किंवा नातेवाईक म्हणून जातो, तेव्हा सिस्टरांना एका सुरात आणि मावशींना दुसऱ्या सुरात बोलतो. तसे करू नये. चहा-पाणी देण्यापूर्वी विचारावे. खाटेवरच्या आपल्या माणसाच्या अंगावर लाली दिसली, तर सांगावे. कोणी चांगली सेवा केली, तर तिचे नाव घेऊन चार लोकांत सांगावे. सिस्टरांचे नाव लोक विचारतात. मावशींचे नावही विचारावे.

वर्गात हा धडा वाचून झाला, की पुढील गोष्टींवर बोलावे. तुमच्या कामाच्या ठिकाणी तुमचे काम सर्वांत जवळून कोण पाहते? त्याने चूक दाखवली तर तुम्हाला राग येतो का? गेल्या महिन्यात तुम्हाला दिसलेली, पण कोणाला न सांगितलेली एखादी गोष्ट आहे का? असेल, तर ती उद्या कोणाला आणि कशी सांगाल, ते एका वाक्यात पाटीवर लिहून पाहा.